चिलर पुरेसा असूनही टोकाच्या खोल्या गार होत नाहीत? आधी परतीचं पाणी तपासा

दुपार कलली की कॉरिडॉरच्या टोकाच्या खोल्यांमधून रिसेप्शनला फोन सुरू होतात: एसी चालू आहे, वारा येतोय, पण गारवा नाही. प्लांटरूममध्ये दुसरा चिलर (पाणी थंड करणारं यंत्र) सुरू होतो, सेकंडरी पंप (ते पाणी इमारतीत फिरवणारा) पूर्ण वेगावर जातो, चिल्ड वॉटरचा सेटपॉइंट, म्हणजे थंड पाण्याचं ठरवून दिलेलं तापमान, ७ वरून ६ वर आणि मग ५ वर येतो. तासाभरात फोन थांबतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. महिन्याअखेरीस वीजबिल हातात पडतं आणि व्यवस्थापन विचारतं, हॉटेल निम्मं रिकामं असताना दोन चिलर कशाला लागतात? मेंटेनन्सकडे याचं उत्तर नसतं. मग पुढच्या बैठकीत आणखी एक चिलर घ्यायचा विषय निघतो.

त्या विषयावर सही होण्याआधी एक गोष्ट तपासून घ्या. मध्यवर्ती चिल्ड वॉटर असलेल्या हॉटेलात ही तक्रार पुन्हा पुन्हा येत असेल, तर बहुतेक वेळा यंत्र कमी पडत नसतं. पाणी आपलं काम न करताच परत येत असतं. या क्षेत्रातले लोक याला ‘लो डेल्टा टी’ म्हणतात. डेल्टा टी म्हणजे इमारतीकडे जाणाऱ्या आणि तिथून परत येणाऱ्या पाण्याच्या तापमानातला फरक. डिझाइनमध्ये तो साधारण साडेपाच अंश धरलेला असतो. पाणी ७ अंशांना जायचं, खोल्यांमधली उष्णता उचलायची आणि साडेबाराला परतायचं. पाणी म्हणजे उष्णता वाहणारे ट्रक असं धरलं, तर प्रत्यक्षात ते दहाला परत येत असताना जवळपास निम्मे ट्रक रिकामेच फिरताहेत असं समजा.

आकड्यांत बघू. एक टन कूलिंग म्हणजे साडेतीन किलोवॅट उष्णता. साडेपाच अंशांच्या फरकाने ती वाहून आणायला तासाला सुमारे ५५० लिटर पाणी पुरतं. फरक पावणेतीनवर आला की त्याच एका टनाला ११०० लिटर लागतात. २०० टनांच्या भाराला ताशी ११० घनमीटर पाणी पुरायला हवं होतं, तिथे २२० फिरवावं लागतं. पाइप, पंप, हेडर मात्र ११० साठीच निवडलेले असतात. म्हणून टोकाच्या खोल्यांपर्यंत पाणी पोचत नाही.

चिलरचंही तेच होतं. २०० टनांच्या चिलरमधून ताशी ११० घनमीटरच पाणी जातं, आणि ते पावणेतीन अंशच गरम होऊन आलं तर त्याला १०० टनांपुरतंच काम मिळतं. चिलर बिघडलेला नसतो, त्याच्यापर्यंत उष्णताच येत नसते. दोन्ही चिलर निम्म्या लोडवर चाललेले असणं ही या आजाराची सगळ्यात ठळक खूण आहे. काही नवे चिलर कमी लोडवर उलट जास्त कार्यक्षम असतात हे खरं. पण दुसऱ्या चिलरबरोबर त्याचा प्रायमरी पंप (चिलरमधून पाणी फिरवणारा), आणि उष्णता बाहेर टाकणारा कंडेन्सर पंप आणि कूलिंग टॉवरचा पंखाही सुरू होतो, आणि हा सगळा खर्च थंडाव्यासाठी नसून निव्वळ पाणी फिरवण्यासाठी होत असतो.

आजार हाच आहे का, ते आधी पक्कं करा

प्लांटरूममध्ये चार ठिकाणचं तापमान एकाच वेळी घ्या: चिलरमधून निघणारं पाणी, इमारतीकडे जाणारी मुख्य लाइन, इमारतीकडून येणारी रिटर्न लाइन आणि चिलरमध्ये शिरणारं पाणी. पॅनेलवर दिसणाऱ्या आकड्यांवर लगेच विश्वास ठेवू नका. आपण तीन अंशांचा फरक शोधतोय आणि दोन सेन्सर अर्ध्या-अर्ध्या अंशाने चुकत असले, तर निष्कर्ष सरळ उलटा निघू शकतो. हातातले दोन्ही प्रोब आधी एकाच भांड्यात, बर्फाच्या पाण्यात बुडवून बघा. दोघांचं रीडिंग सारखं आलं तरच पुढे जा. इन्फ्रारेड गन वापरणार असाल तर चकचकीत तांब्याच्या पाइपवर ती हमखास फसवते. पाइपवर काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवा, थोडा वेळ जाऊ द्या आणि टेपवर रीडिंग घ्या.

आता आकडे वाचा. इमारतीकडून पाणी साडेबाराला परततंय, पण चिलरमध्ये शिरताना ते दहाचं झालंय, असं दिसलं तर इमारत ठीक आहे. गडबड प्लांटरूममध्ये आहे. प्रायमरी पंप गरजेपेक्षा जास्त पाणी फिरवतोय आणि जास्तीचं थंड पाणी बायपासमधून (पुरवठ्याची आणि परतीची लाइन जोडणाऱ्या पाइपमधून) थेट परत येतंय. प्रायमरी-सेकंडरी रचनेत कमी भाराला असं थोडंफार होणारच. पण एक चिलर उगाच चालू असेल तर तो बंद करा. सेकंडरी पंप नसून फक्त व्हेरिएबल (वेग बदलणारे) प्रायमरी पंप असतील तर मिनिमम फ्लोचा, म्हणजे चिलरला किमान प्रवाह देणारा, बायपास व्हॉल्व्ह पूर्ण बंद होतोय का ते बघा.

इमारतीकडून येणारं पाणीच दहाला येत असेल, तर शोध खोल्यांच्या आणि मोठ्या हॉलच्या दिशेने न्यायचा.

तिसरी स्थिती सगळ्यात वाईट आणि तीच सगळ्यात जास्त गोंधळात टाकणारी. चिलरमधून पाणी ७ ला निघतंय, पण इमारतीकडे जाणाऱ्या लाइनमध्ये ते ८ चं झालंय आणि रिटर्न ११ चा आहे. मधल्या दहा पावलांत पाणी एक अंशाने तापलं कसं? सेकंडरी पंप प्रायमरीपेक्षा जास्त पाणी खेचतोय, आणि कमी पडणारं पाणी डीकपलर पाइपमधून (प्लांटरूममधल्या त्याच बायपासमधून) उलटं वाहत रिटर्नमधून येतंय. या आकड्यांप्रमाणे वर जाणाऱ्या दर चार लिटरमागे एक लिटर चिलरला न शिवलेलं, परतीचंच पाणी असतं. ८ अंशांच्या पाण्याने कॉइल (थंड पाण्याच्या नळ्यांची जाळी, जिच्यावरून हवा जाते) कमी गार होते, म्हणून थर्मोस्टॅट व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडे ठेवतात, त्यामुळे पाणी आणखी खेचलं जातं, परतीचं पाणी आणखी मिसळतं आणि ८ चे ९ होतात. खोलीची हवा २४ अंश आणि ५० टक्के आर्द्रतेची असेल तर तिचा दवबिंदू १३ अंशांच्या आसपास असतो. कॉइलचा पृष्ठभाग त्याच्या बराच खाली राहिला नाही तर हवेतला ओलावा निघत नाही. म्हणूनच अशा दिवसांत पाहुणे ‘गार आहे, पण दमट वाटतंय’ असं सांगतात. ती तक्रार त्यांच्या मनाचा खेळ नसते.

याच वेळी ऑपरेटर दुसरा चिलर सुरू करतो. त्याच्यासोबत दुसरा प्रायमरी पंप येतो, प्रायमरीचा प्रवाह वाढतो, डीकपलरमधलं उलटं वाहणं थांबतं, इमारतीला पुन्हा ७ अंशांचं पाणी मिळतं आणि फोन थांबतात. सगळ्यांची खात्री पटते की कपॅसिटीच कमी होती. प्रत्यक्षात उपयोगी पडला तो दुसरा पंप. चिलर निम्म्याने रिकामाच चालत राहतो. नवीन चिलरच्या प्रस्तावाचा जन्म इथे होतो, म्हणून हा भाग व्यवस्थापनाला आकड्यांसकट समजावून सांगणं फार गरजेचं आहे.

रात्रीची चाचणी

पाणी कुठे वाया जातंय ते दिवसा शोधणं अवघड, कारण सगळंच चालू असतं. रात्री तीनच्या सुमारास भार सगळ्यात कमी असतो. त्या वेळी सेकंडरी पंपाचा प्रवाह दिवसाच्या तुलनेत चांगलाच घटायला हवा. व्हीएफडीवर (पंपाचा वेग बदलणाऱ्या उपकरणावर) फ्रिक्वेन्सी दिवसाइतकीच दिसत असेल आणि प्रवाहही फारसा उतरला नसेल, तर कुठेतरी व्हॉल्व्ह उघडेच आहेत. फ्लोमीटर बसवलेला नसेल तर पाइपवर बाहेरून लावायचा अल्ट्रासॉनिक मीटर भाड्याने आणा. या एका रात्रीची माहिती महिनाभराच्या चर्चेपेक्षा जास्त कामाची ठरते.

नंतर खोल्यांकडे धावू नका, आधी मजले तपासा. प्रत्येक मजल्याची रिटर्न लाइन जिथे रायझरला (मजल्यांमधून जाणाऱ्या उभ्या मुख्य पाइपला) मिळते तिथे तापमान घ्या. एखाद्या मजल्याचा रिटर्न ८-९ अंशांचा आला तर त्या मजल्यावर पाणी फुकट फिरतंय. न विकलेला, पूर्ण रिकामा मजला मिळाला तर उत्तमच. तिथले सगळे टू-वे व्हॉल्व्ह (पाणी सोडणारे किंवा पूर्ण थांबवणारे) बंद असतील तर प्रवाह थांबून रिटर्न पाइप हळूहळू आजूबाजूच्या तापमानाकडे सरकायला हवा. तो काही तासांनीही तितकाच थंडगार असेल तर कुठला तरी व्हॉल्व्ह पाणी पुढे सोडतोय. एक अपवाद लक्षात असू द्या: लाइनच्या शेवटी एखाद-दुसरा थ्री-वे व्हॉल्व्ह (कॉइलला नको असलेलं पाणी बाजूने परतीला वळवणारा) मुद्दाम ठेवलेला असतो, पंपाला किमान प्रवाह मिळावा आणि पाणी एका जागी साचू नये म्हणून. तो काढू नका. मात्र प्रत्येक मजल्यावर थ्री-वे व्हॉल्व्ह असतील तर व्हीएफडी लावूनही पंपाची वीज वाचणार नाही, कारण खोली गार झाली तरी पाणी बाजूने वळून परत येतच राहतं.

एएचयू आधी, एफसीयू नंतर

शेकडो खोल्यांचे एफसीयू (खोलीतले कॉइल आणि पंख्याचे छोटे युनिट) उघडत बसण्याआधी बँक्वेट हॉल, लॉबी, रेस्टॉरंट आणि किचनच्या ताज्या हवेचे एएचयू (मोठ्या जागांना गार हवा पुरवणारे मोठे युनिट) बघा. संख्येने ते मोजकेच असतात, पण एकेकातून जाणारं पाणी अनेक खोल्यांइतकं असतं. माझ्या मते अर्ध्याहून अधिक ठिकाणी सगळ्यात मोठा दोषी इथेच सापडतो.

पहिली शंका बायपासची. हॉलमध्ये मोठा समारंभ होता, गारवा कमी पडत होता, कुणीतरी कंट्रोल व्हॉल्व्हच्या बाजूचा, त्याला वगळून पाणी सोडणारा बायपास हाताने उघडला. समारंभ संपला, बायपास तसाच राहिला. रिकाम्या हॉलचा पंखा बंद आणि कॉइलमधून पाणी अखंड वाहतंय, हे चित्र मोठमोठ्या हॉटेलांतही दिसतं.

दुसरी शंका सेटपॉइंटची. एएचयूच्या हवेचा सेटपॉइंट १२ अंश दिलेला असतो आणि कॉइल मळलेली किंवा पाणी ८ चं असल्यामुळे हवा १४ च्या खाली जाऊच शकत नाही. कंट्रोलर बिचारा व्हॉल्व्ह शंभर टक्के उघडून बसतो आणि कधीच मागे येत नाही. जास्तीच्या पाण्याने थंडावा फारसा वाढत नाही. कॉइलला दुप्पट पाणी दिलं तरी कूलिंग थोडंसंच वाढतं, डेल्टा टी मात्र जवळपास निम्म्यावर येतो. असा सेटपॉइंट गाठता येईल इतका वर घ्या. ट्रेंडमध्ये (कंट्रोल सिस्टिमच्या नोंदींच्या आलेखात) तासन् तास १०० टक्के उघडा दिसणारा प्रत्येक व्हॉल्व्ह संशयित समजा.

कॉइलची जोडणीही एकदा डोळ्यांनी बघा. हवा जिथून बाहेर पडते त्या बाजूने पाणी आत शिरायला हवं, म्हणजे हवा आणि पाणी एकमेकांच्या विरुद्ध दिशेने जातात. सहा ओळींच्या कॉइलला पाइप उलटे जोडले असतील तर कितीही साफसफाई केली तरी डेल्टा टी मिळत नाही. दोन ओळींच्या छोट्या एफसीयूला याचा फरक कमी पडतो.

खोल्या, आणि की-कार्डचा सापळा

हॉटेलांमध्ये या आजाराचं एक खास कारण आहे, जे ऑफिसच्या इमारतीत सापडत नाही. पाहुणा कार्ड काढून बाहेर जातो, खोलीची वीज जाते, पंखा थांबतो. पण व्हॉल्व्हचं काय होतं? ते ॲक्च्युएटरच्या (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या-बंद करणाऱ्या भागाच्या) प्रकारावर अवलंबून आहे. नॉर्मली क्लोज्ड असेल तर वीज गेल्यावर तो बंद होतो. नॉर्मली ओपन असेल तर उघडतो. स्प्रिंग नसलेला मोटरवाला असेल तर जिथे होता तिथेच थांबतो, म्हणजे बहुतेक वेळा उघडाच. वीज वाचवायला बसवलेलं कार्ड मग उलटं काम करतं: पाहुणा दिवसभर बाहेर, पंखा बंद, आणि कॉइलमधून पाणी जसं आलं तसं परत.

हे तपासायला फार काही लागत नाही. एका खोलीत एसी चालू करा, व्हॉल्व्ह उघडू द्या, कार्ड काढा, दहा-पंधरा मिनिटं थांबा आणि फॉल्स सीलिंगच्या झडपेतून एफसीयूच्या दोन्ही पाइपांचं तापमान घ्या. वाट बघणं महत्त्वाचं आहे, कारण उष्णतेवर चालणारे छोटे ॲक्च्युएटर बंद व्हायला काही मिनिटं घेतात. दोन्ही पाइप सारखेच थंड असतील तर त्या बॅचच्या सगळ्या खोल्या त्याच रांगेत आहेत. उपाय वायरिंगचा किंवा ॲक्च्युएटर बदलण्याचा: कार्ड निघालं की व्हॉल्व्ह बंद झालाच पाहिजे. याला एक अपवाद आहे. जिथे हिवाळ्यात पाणी गोठण्याची भीती असते तिथे हीटिंगचे व्हॉल्व्ह मुद्दाम नॉर्मली ओपन ठेवतात. त्यांना हात लावू नका.

बदलीचे सुटे भाग मागवताना नॉर्मली ओपन की क्लोज्ड हे नीट लिहून द्या. दिसायला दोन्ही सारखेच असतात, खोलीत गारवाही दोन्हींनी येतो, त्यामुळे चुकीचा भाग लागला तरी कुणी तक्रार करत नाही. आणि बिघडलेला ॲक्च्युएटर नुसता काढून ठेवू नका. अनेक व्हॉल्व्हमध्ये डोकं काढलं की आतली स्प्रिंग पिन वर ढकलते आणि व्हॉल्व्ह पूर्ण उघडा राहतो.

थर्मोस्टॅटची गोष्ट वेगळी. पाहुणा तो १६ वर ठेवतो, कारण त्याला वाटतं खोली लवकर गार होईल. ऑन-ऑफ व्हॉल्व्हच्या एफसीयूत १६ वर आणि २२ वर गार होण्याचा वेग सारखाच असतो. फक्त १६ गाठलं जात नाही, म्हणून व्हॉल्व्ह रात्रभर बंद होत नाही. त्यात आवाज नको म्हणून पंखा लो स्पीडला, म्हणजे पाणी पूर्ण आणि हवा थोडी. खालची मर्यादा २१ किंवा २२ ला लॉक करा. दोष पाहुण्याचा मुळीच नाही. जे तापमान ही यंत्रणा देऊच शकत नाही, ते पडद्यावर दाखवायचं कशाला? हाउसकीपिंगलाही सांगा की खोली आवरून झाली की थर्मोस्टॅट ठरलेल्या आकड्यावर आणून ठेवायचा.

फिल्टर, कॉइल आणि स्ट्रेनरची (पाण्यातला कचरा अडवणाऱ्या जाळीची) सफाई तुम्ही करतच असाल, त्यात नवं सांगण्यासारखं नाही. एवढंच बघा की फॉल्स सीलिंगची झडप फर्निचरमागे किंवा पॅनेलिंगखाली गेलेल्या खोल्यांची सफाई कागदावरच तर होत नाही ना.

जवळचे मजले जास्त पितात

सगळे व्हॉल्व्ह ठीक निघाले तरी प्लांटजवळचे मजले गार आणि लांबचे उपाशी, असं होऊ शकतं. जवळच्या एफसीयूला दाब जास्त मिळतो. व्हॉल्व्ह उघडला की तो हक्कापेक्षा कितीतरी जास्त पाणी घेतो आणि ते तीन-साडेतीन अंशांवर परत पाठवतो. खरा उपाय म्हणजे बॅलन्सिंग, म्हणजे प्रत्येक शाखेला तिच्या हक्काचंच पाणी मिळेल अशी जुळणी. नूतनीकरण निघालं असेल तर पीआयसीव्ही बसवा, म्हणजे दाब कितीही बदलला तरी नेमून दिलेल्यापेक्षा जास्त पाणी न सोडणारे व्हॉल्व्ह. ते महाग असतात. पण खोल्या मजल्यामजल्याने बंद ठेवून काम चालणारच असेल, तर ती संधी सोडणं चूक ठरेल.

हाती पैसे नसतील तर पंपाच्या डिफरन्शियल प्रेशरकडे, म्हणजे पुरवठा आणि परतीच्या लाइनमधल्या दाबाच्या फरकाकडे, बघा. सेन्सर पंपाशेजारी नको, सगळ्यात लांबच्या शाखेवर हवा. टोकाच्या खोल्या जेमतेम तृप्त होतील इतपत सेटपॉइंट खाली आणा, थोडा थोडा, प्रत्येक पायरीवर एक-दोन दिवस थांबून. तत्त्वतः पंपाचा वेग २० टक्क्यांनी उतरला की त्याला लागणारी वीज जवळपास निम्म्यावर येते. ठरावीक दाब राखायचा असल्यामुळे प्रत्यक्षात बचत त्याहून कमी होते, तरी लक्षात येण्याइतकी असते. याचा दुसरा फायदा क्वचितच सांगितला जातो. प्रत्येक ॲक्च्युएटर एका मर्यादेपर्यंतच्याच दाबाविरुद्ध व्हॉल्व्ह बंद धरू शकतो. तक्रार आली म्हणून पंप ५० हर्ट्झवर, म्हणजे पूर्ण वेगावर, नेला की बंद असलेले व्हॉल्व्हही किंचित उचलले जातात आणि पाणी झिरपायला लागतं. म्हणजे ज्या उपायाने तक्रार मिटवायची, तोच उपाय तिला खतपाणी घालतो.

तातडीच्या वेळी काय करावं, काय टाळावं

खोल्या आज गार व्हायला हव्यात आणि शोध घ्यायला आठवडा लागणार आहे. अशा वेळी चिल्ड वॉटर एक-दोन अंशांनी खाली आणणं हा दुसरा चिलर सुरू करण्यापेक्षा बरा मार्ग आहे. चिलरची वीज अंशामागे साधारण दोन-तीन टक्क्यांनी वाढते, पण ज्या कॉइल नीट नियंत्रित आहेत त्या कमी पाण्यात भागवतात. मात्र इन्सुलेशन फाटलेलं असेल तर पाइपांवर पाणी सुटून सीलिंगवर डाग पडतात, तेव्हा त्यावर नजर ठेवा. व्हॉल्व्ह दुरुस्त झाले की सेटपॉइंट परत ७ वर आणायला विसरू नका.

डीकपलरमध्ये चेक व्हॉल्व्ह (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा) बसवण्याचा सल्लाही मिळेल. त्याने उलटं वाहणं थांबतं आणि चिलरमधून डिझाइनपेक्षा जास्त पाणी जाऊन तो पूर्ण लोड घेऊ शकतो. हा उपाय मी तात्पुरता मानतो. चिलरच्या ट्यूबमधून जास्तीत जास्त किती प्रवाह चालतो हे उत्पादकाकडून लेखी घेतल्याशिवाय तो करू नका. शिवाय इमारतीतलं वाया जाणारं पाणी त्याने एका लिटरनेही कमी होत नाही.

आणि बायपास उघडू नका. एका खोलीला दिलासा मिळतो, पण ते पाणी दुसऱ्या खोल्यांच्या वाट्यातून येतं.

हीटिंगच्या बाजूलाही हाच आजार

थंड हवामानातल्या हॉटेलांत हेच दुखणं उलट्या रूपात दिसतं: परतीचं पाणी जास्त गरम येतं. नैसर्गिक वायूवर चालणारा कंडेन्सिंग बॉयलर आपली खरी कार्यक्षमता तेव्हाच दाखवतो जेव्हा रिटर्न ५५ अंशांच्या खाली असतो. कारण तेव्हाच धुरातली वाफ थिजते आणि तिची उष्णता पाण्याला मिळते. उघडे राहिलेले व्हॉल्व्ह ७० अंशांचं पाणी ६५ ला परत पाठवत असतील, तर महागडा कंडेन्सिंग बॉयलर साध्या बॉयलरसारखाच चालतो. हीट पंप असेल तर फटका आणखी मोठा, कारण त्याची कार्यक्षमता पाणी किती गरम द्यायचं यावर बरीचशी ठरते.

फोर-पाइप एफसीयूमध्ये (गरम आणि गार पाण्याचे वेगळे पाइप असलेल्या) हीटिंगचा व्हॉल्व्ह झिरपत असेल तर एकाच पेटीत गरम आणि गार पाणी एकमेकांशी झगडतं, खोलीचं तापमान बरोबर राहतं आणि बिल दोन्हीकडून येतं. उन्हाळ्यात एका मजल्याचा गरम पाण्याचा आयसोलेशन व्हॉल्व्ह बंद करून बघा. त्या मजल्याची चिल्ड वॉटरची गरज घटली तर चोर सापडला.

अंघोळीच्या गरम पाण्याची लाइन मात्र या सगळ्यातून बाजूला ठेवा. लिजिओनेला जिवाणू २० ते ४५ अंशांच्या पाण्यात वाढतो. म्हणून साठवण ६० ला आणि फिरणाऱ्या लाइनचा रिटर्न ५० च्या वर ठेवावाच लागतो. वीज वाचवण्याच्या उत्साहात हा आकडा कुणीही खाली आणू नये.

दुखणं परत का येतं

दुरुस्तीनंतर सहसा एक हंगाम छान जातो. मग एखाद्या रात्री तक्रार येते, ड्युटीवरचा माणूस बायपास उघडतो किंवा डिफरन्शियल प्रेशर वाढवतो, पाहुणा खूश होतो आणि ती गोष्ट कुठेच नोंदवली जात नाही. त्या माणसाला दोष देऊन उपयोग नाही. रात्री दोन वाजता पाहुण्याची खोली गार करणं हेच त्याचं काम आहे. हवी ती नोंद. हाताने बदललेल्या प्रत्येक व्हॉल्व्हला तारखेचा टॅग लावा आणि सकाळच्या पाळीने सगळे टॅग बघून पूर्ववत करणं हा नियम करा. लॉगबुकात दर पाळीला चिलरच्या अँपिअरसोबत डेल्टा टी आणि टनामागे फिरलेलं पाणी लिहा. तासाला टनामागे ५५० लिटर अपेक्षित असताना आकडा ८०० कडे सरकू लागला की तक्रार यायच्या आधीच तुम्हाला कळेल. न विकलेल्या मजल्याची चाचणी दर हंगामाच्या सुरुवातीला करा. ॲक्च्युएटर एकाच वर्षी बसवलेले असतात, त्यामुळे बिघडायलाही ते एकत्रच लागतात.

डेल्टा टी चांगला असूनही तक्रार असेल तर

मग शोध वेगळा. एकाच खोलीची तक्रार असेल तर कॉइलमध्ये अडकलेली हवा बाहेर सोडून बघा आणि त्या शाखेचा स्ट्रेनर उघडा. एकावर एक असलेल्या सगळ्या खोल्यांची तक्रार असेल, भिंतीच्या कागदामागे बुरशी येत असेल, तर बाथरूमचा एक्झॉस्ट आणि ताज्या हवेचं प्रमाण मोजा. एक्झॉस्ट जास्त आणि ताजी हवा कमी असेल तर खोली बाहेरची दमट हवा फटींमधून आत ओढते आणि कुठलाही एफसीयू तिला पुरा पडत नाही. पंखा सतत चालू आणि व्हॉल्व्ह मध्येमध्ये बंद, अशी सेटिंग असेल तर कॉइलवर जमलेलं पाणी पुन्हा हवेत मिसळतं. पंखा ऑटोवर घ्या. हे सगळं तपासूनही ऐन भाराच्या दिवशी सगळे चिलर पूर्ण लोडवर असतील, डेल्टा टी साडेपाच असेल आणि इमारतीकडे जाणारं पाणी ७ वर टिकत नसेल, तर कपॅसिटी खरोखर कमी आहे. नवीन चिलरचा प्रस्ताव तेव्हा मांडा आणि सोबत याच आकड्यांचा ट्रेंड जोडा.